बागेतील मुंग्यांची जात कशी ओळखावी?

आंबा, काजू, लिंबूवर्गीय फळबागेत किंवा शेतात मुंग्या दिसल्या की अनेकदा लगेच फवारणी किंवा धुरळणी केली जाते. मात्र सर्वच मुंग्या नुकसानकारक नसतात. काही मुंग्या किडींचा फडशा पाडतात, काही पिठ्या ढेकूण आणि खवले किडींची राखण करतात, तर काही बी, कंद किंवा शेंगा खातात. त्यामुळे मुंगीची ओळख पटल्याशिवाय नियंत्रणाचा निर्णय घेऊ नये.

ओळख का महत्त्वाची?

काजू बागेतील शेजारशेजारच्या दोन झाडांचे उदाहरण घेऊ. पहिल्या झाडावर पाने एकमेकांना शिवून केलेली घरटी असून, तांबूस मुंग्या फांद्यांवरून फिरत आहेत. दुसऱ्या झाडाच्या खोडावरून काळ्या मुंग्यांची रांग चढत आहे. त्या झाडाच्या पानांखाली पिठ्या ढेकूण असून, खालच्या पानांवर काजळी आली आहे. दोन्ही झाडांवर ‘मुंग्या झाल्या’ असे म्हणून एकच कीटकनाशक फवारले, तर दुसऱ्या झाडावर थोडा तात्पुरता फायदा दिसेल. पहिल्या झाडावर मात्र आपण आपलेच राखणदार मारलेले असतील.

पहिल्या झाडावरील मुंगी म्हणजे कोकणातील हुमले किंवा ओंबील. काजूच्या कोवळ्या पालवीतून व मोहोरातून रस शोषणारा ढेकण्या, म्हणजेच टी मॉस्किटो बग, तसेच पाने खाणाऱ्या अळ्या यांना ही मुंगी पकडते किंवा हुसकावते. दक्षिण चीनमधील शेतकरी सुमारे १७०० वर्षांपासून संत्रावर्गीय बागांत या मुंगीची घरटी आणून सोडत आले आहेत. ऑस्ट्रेलियातील काजू व आंबा बागांत याच मुंगीचा, तर पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात तिच्याच वंशातील दुसऱ्या जातीचा आंब्यावरील फळमाशीविरुद्ध उपयोग झाल्याचे अभ्यास उपलब्ध आहेत.

आधी खात्री करा, मुंगीच आहे ना?

शेतात मुंगीसारखे दिसणारे इतर जीवही असतात. नमुना घेण्यापूर्वी पुढील तीन गोष्टी तपासाव्यात.

• वाळवी ः पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या आणि पंखवाली वाळवी दोन्ही येतात. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि पुढचे पंख मागच्या पंखांपेक्षा मोठे असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि चारही पंख जवळपास सारख्या लांबीचे असतात.

• शेंगांवरील ढेकणाची पिले ः तूर, चवळी यांसारख्या पिकांवर येणाऱ्या रिप्टॉर्टस या ढेकणाची पिले हुबेहूब काळ्या मुंगीसारखी दिसतात. भिंगातून पाहिल्यास मुंगीला चावणारे जबडे दिसतात, तर ढेकणाच्या पिलाला पोटाखाली दुमडलेली सुईसारखी सोंड असते. ही कीड शेंगांतील रस शोषते. तिला मुंगी समजून सोडून दिल्यास नुकसान वाढते.

• मुंगीसारखा कोळी ः हुमल्यांच्या वसाहतीजवळ त्यांच्यासारखाच दिसणारा, उड्या मारणारा कोळी आढळतो. त्याला आठ पाय असतात, मिशा नसतात. पुढचे पाय तो मिशांसारखे हलवतो, त्यामुळे फसगत होते. पाय मोजावेत.

नमुना घेण्यापूर्वी जागेवर काय पाहावे?

बाटलीत टाकलेली मुंगी तिचे घरटे, चाल व वागणूक सांगू शकत नाही. ओळखीसाठी या गोष्टी फार उपयोगी असतात. म्हणून आधी १०-१५ मिनिटे नुसते निरीक्षण करावे.

१. घरटे कुठे आहे? जमिनीत, बांधावर, झाडाच्या बुंध्याशी, वाळलेल्या फांदीत, पानांचे शिवलेले की फांदीवर मातकट रंगाच्या कागदी गोळ्यासारखे?
२. मुंग्या रांगेने चालतात की सैरावैरा धावतात? एकट्या फिरतात का?
३. डिवचल्यावर काय करतात? पोट डोक्याच्या दिशेने उचलतात, चावतात, दंश करतात की पळून जातात?
४. तोंडात काय नेत आहेत? बी, मेलेला कीटक, की काहीच नाही? खोडावरून रिकाम्या तोंडाने वर जाणारी आणि पोट फुगवून खाली येणारी रांग बहुधा किडीचा गोड चिकट स्राव पिऊन येत असते.
५. रांग जिथे संपते, तिथे काय आहे? फांदीच्या टोकापर्यंत रांगेचा माग काढावा. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा तुडतुडे आढळल्यास तशी नोंद करावी.

घरटे सापडत नसल्यास एका कागदावर गुळाचे पाणी आणि दुसऱ्या कागदावर सुक्या मासळीचा किंवा शेंगदाण्याचा चुरा ठेवावा. अर्ध्या तासाने आलेल्या मुंग्यांचा परतीचा मार्ग पाहिल्यास घरट्याचे तोंड सापडते.

नमुना कसा गोळा करावा?

• साहित्य ः झाकण घट्ट बसणाऱ्या लहान बाटल्या, ७० ते ८० टक्के अल्कोहोल, मऊ कुंचला, चिमटा, पांढरा ट्रे किंवा ताट, दहापट मोठे दाखवणारे भिंग, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. हातमोजे व बंद बूट वापरावेत.

• शक्यतो घरट्यातून किंवा घरट्याच्या तोंडाशी नमुना घ्यावा. रांगेत बहुतेक वेळा एकाच आकाराच्या मुंग्या असतात. उदा. हुमल्यांच्या मोठ्या कामकरी मुंग्या बाहेर फिरतात, लहान कामकरी मुंग्या घरट्यातच अंडी-अळ्या सांभाळतात. शिवाय एकाच खोडावरून दोन वेगवेगळ्या जातींच्या रांगा जाऊ शकतात.

• एका वसाहतीतील १५ ते २० मुंग्या घ्याव्यात. लहान, मध्यम, मोठ्या अशा सर्व आकारांच्या आणि मिळाल्यास पंखवाल्या मुंग्याही घ्याव्यात. ओळखीची लक्षणे मुख्यतः कामकरी मुंग्यांवर आधारित असतात. केवळ एक राणी किंवा एक पंखवाली मुंगी पाठवल्यास ओळख पटणे कठीण जाते.

• एका बाटलीत एकाच वसाहतीच्या मुंग्या ठेवाव्यात. दोन घरट्यांच्या मुंग्या एकत्र करू नयेत.

• चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती बाटलीच्या आत टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक, घरट्याची जागा व जमिनीपासूनची उंची, सोबत आढळलेली कीड आणि नमुना घेणाऱ्याचे नाव असावे.

• मुंग्यांसोबत किडीचाही नमुना वेगळ्या बाटलीत घ्यावा. निर्णय घेताना दोन्हींची ओळख लागते.

• मोबाईलने जिवंत मुंगीची बाजूने, वरून आणि डोक्याची समोरून अशी किमान तीन छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. मुंगी पळत असल्यास ती बाटलीत घेऊन काही मिनिटे फ्रीजमध्ये ठेवल्यास सुस्त होते.

• ओळख पटेपर्यंत जिवंत वसाहत किंवा घरटे दुसऱ्या बागेत नेऊ नये. घरट्यासोबत खवले कीड, पिठ्या ढेकूण किंवा उपद्रवी मुंगीच नव्या बागेत पोहोचू शकते.

भिंगातून पाहायची पाच लक्षणे

१. कंबरेच्या गाठी ः हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन, हे मुंगी बाजूने धरून पाहावे. मुंगळा, हुमले, पिवळी वेडी मुंगी यांना एक गाठ असते. आग्या मुंगी, दाणे नेणारी मोठ्या डोक्याची मुंगी, पोट उचलणारी मुंगी यांना दोन गाठी असतात.

२. पोटाचे टोक ः टोकाला नांगी आहे की केसांची झालर असलेले गोल छिद्र आहे? गोल छिद्र असलेल्या मुंग्या दंश करत नाहीत. त्या चावतात आणि त्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात.

३. मिशा ः मिशीचे भाग मोजावेत. टोकाचे दोन किंवा तीन भाग जाड होऊन गदेसारखे झाले आहेत का, ते पाहावे. मिशीचा पहिला लांब भाग डोक्याच्या मागच्या कडेच्या किती पुढे जातो, तेही पाहावे.

४. कामकरी मुंग्यांचे आकार ः सर्व एकाच आकाराच्या, स्पष्ट दोन आकारांच्या, की लहानापासून मोठ्यापर्यंत सलग वाढत जाणाऱ्या?

५. छातीची पाठ ः बाजूने पाहता पाठ एकसंध कमानीसारखी आहे की मध्ये खाच आहे? मागच्या टोकाला काटे आहेत का?

रंगाला शेवटचे स्थान द्यावे. एकाच जातीत रंग फिका-गडद असू शकतो आणि ‘लाल मुंगी’ हे नाव गावोगावी वेगवेगळ्या जातींना दिले जाते.

नेहमी आढळणाऱ्या मुंग्यांची ओळख

हुमले किंवा ओंबील
शास्त्रीय नाव ः ओइकोफिला स्मॅरॅग्डिना
रंग तांबूस ते पिवळसर तपकिरी, पाय लांब, कंबरेची एक गाठ लांबट व बुटकी. कामकरी मुंग्या दोन आकारांच्या असून, मोठ्या सुमारे ८ ते १० मि.मी. असतात. घरटे झाडावरच, हिरवी पाने अळ्यांच्या रेशमाने जोडून केलेले. एका वसाहतीची अनेक घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात, राणी मात्र त्यांपैकी एकाच घरट्यात असते. सन १७७५ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘पाचूसारखी’ असा आहे. आपल्याकडील कामकरी मुंगी हिरवी नसते, राणी मात्र हिरवट असते.

मुंगळा किंवा डोंगळा
शास्त्रीय नाव ः कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस
मोठा, काळा. एक गाठ, नांगी नाही. छातीची पाठ एकसंध कमानीसारखी. एकाच वसाहतीत लहान ते खूप मोठ्या डोक्याच्या मुंग्या आढळतात. घरटे जमिनीत, बहुधा झाडाच्या बुंध्याशी. मावा, पिठ्या ढेकूण यांच्या चिकट स्रावासाठी झाडावर चढतो.

पोट उचलणारी मुंगी
प्रजाती ः क्रेमॅटोगॅस्टर
तपकिरी ते काळी, लहान. पोट वरून पाहता बदामाच्या आकाराचे, टोकदार. डिवचल्यावर पोट डोक्यावर उचलते. दोन गाठी, त्यांपैकी दुसरी गाठ पोटाच्या वरच्या बाजूला जोडलेली असते. हे लक्षण इतर कोणत्याही मुंगीत नाही. घरटे पोकळ फांदीत किंवा काही जातींत फांदीवर कागदी गोळ्यासारखे. खवले कीड व पिठ्या ढेकणाची राखण करते. या प्रजातीत अनेक जाती असल्याने नेमकी जात तज्ज्ञांकडूनच ठरवावी.

लाल आग्या मुंगी
शास्त्रीय नाव ः सोलेनोप्सिस जेमिनाटा
मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील, आता भारतभर पसरलेली. तांबूस तपकिरी, दोन गाठी, मिशीचे १० भाग व टोकाला दोन भागांची गदा. छातीवर काटे नाहीत. मोठ्या कामकरी मुंगीचे डोके चौकोनी असून मागे मध्यभागी खाच असते. घरटे बांधावर, गवताच्या बुडाशी, भुसभुशीत मातीचे. डिवचल्यास अनेक मुंग्या अंगावर चढून दंश करतात, आग होते. बी पळवते, रोपांना इजा करते आणि ठिबकच्या नळ्या कुरतडल्याच्याही नोंदी आहेत.

दाणे नेणारी मोठ्या डोक्याची मुंगी
प्रजाती ः फिडोल
लहान, दोन गाठी. कामकरी मुंग्या बहुधा स्पष्ट दोन प्रकारच्या. मोठ्यांचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते. मिशीचे १२ भाग व टोकाला तीन भागांची गदा, छातीच्या मागे लहान काटे. घरट्याच्या तोंडाशी दाण्यांची टरफले साचलेली दिसतात.

पिवळी वेडी मुंगी
शास्त्रीय नाव ः ॲनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपस
पिवळसर, ४ ते ५ मि.मी., पाय व मिशा फार लांब. एक गाठ, नांगी नाही. डिवचल्यावर दिशाहीन धावते. घरटे पालापाचोळा, दगड, झाडाच्या बुंध्याशी. खवले किडींचे प्रमाण वाढवते व इतर मुंग्यांना हाकलते.

दुरंगी खोडमुंगी
शास्त्रीय नाव ः टेट्रापोनेरा रुफोनायग्रा
डोके व पोट काळे, छाती लालसर. शरीर सडपातळ, एक सेंमीपेक्षा थोडे लांब, डोळे मोठे, दोन गाठी. वाळलेल्या लाकडात राहते, खोडावर एकटी फिरताना दिसते. किडी खाते, मात्र दंश अतिशय वेदनादायक असतो.

जमिनीखालील आंधळी मुंगी
शास्त्रीय नाव ः डोरायलस ओरिएंटॅलिस
पिवळसर तपकिरी, डोळे नाहीत, लहान-मोठ्या आकारांच्या कामकरी मुंग्या. बटाट्याचे कंद व भुईमुगाच्या शेंगा पोखरते. जमिनीबाहेर क्वचित दिसत असल्याने नुकसान वाळवीचे समजले जाते. पोखरलेल्या कंदाभोवतीची माती पांढऱ्या ताटात पसरून पाहावी आणि सापडलेल्या कीटकाची कंबर तपासावी.

फसगत कुठे होते?

• हुमले आणि पिवळी वेडी मुंगी ः दोन्ही पिवळसर, लांब पायांच्या, एक गाठीच्या. हुमल्यांच्या मोठ्या मुंग्या जवळपास दुप्पट लांब असतात, मिशीचे १२ भाग असतात आणि त्या धमकावल्यावर जागीच उभ्या राहून जबडे उघडतात. वेडी मुंगी पळत सुटते, तिच्या मिशीचे ११ भाग असतात. शिवलेल्या पानांचे घरटे फक्त हुमल्यांचे. या दोघींतील गफलत सर्वांत महाग पडते. कारण मित्र समजून बागेत जपलेली वेडी मुंगी खवले कीड वाढवते.

• आग्या मुंगी आणि फिडोल ः दोन्हींत मोठ्या डोक्याच्या मुंग्या असतात. मिशीच्या गदेचे भाग मोजावेत. दोन असल्यास आग्या मुंगी, तीन असल्यास फिडोल.

• मोबाईल ॲपने सुचवलेले नाव ः ते केवळ सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावे. कंबर व मिशा स्पष्ट न दिसणाऱ्या छायाचित्रावरून ॲप रंग व आकार यांवरून नाव सुचवते.

ओळख पटल्यानंतर काय करावे?

• हुमले असल्यास वसाहत जपावी. ढेकण्याचा प्रादुर्भाव नसलेल्या झाडांवर केवळ वेळापत्रक म्हणून फवारणी करू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारखी व्यापक परिणामाची कीटकनाशके या मुंग्यांनाही मारतात. दोन वेगळ्या वसाहतींची घरटी एका झाडावर सोडू नयेत, त्या आपसात लढतात. राणी नसलेली वसाहत टिकत नाही, त्यामुळे एखादे घरटे उचलून आणणे पुरेसे नसते.

• हुमलेही काही वेळा खवले कीड व पिठ्या ढेकणाची राखण करतात. म्हणून झाडावर हुमले असले तरी पानांची खालची बाजू तपासत राहावी. प्रादुर्भावग्रस्त फांद्या छाटून नष्ट कराव्यात. काढणीवेळी चाव्याचा त्रास होत असल्यास हातापायांना राख चोळावी, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

• मुंगळा, क्रेमॅटोगॅस्टर किंवा वेडी मुंगी किडीची राखण करत असल्यास आधी किडीचे नियंत्रण करावे. गोड स्राव बंद झाला की रांग कमी होते. खोडावर आधी कागदी किंवा प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून त्यावर चिकट द्रव्य लावावे, थेट सालीवर लावू नये. जमिनीला टेकलेल्या फांद्या व खोडाला लागलेले गवत काढावे, अन्यथा मुंग्या तेथून वर जातात. हुमले असलेल्या झाडावर अशी पट्टी लावू नये.

• आग्या मुंगी असल्यास पेरणीपूर्वी बांधावरील घरटी शोधून ठेवावीत. घरट्यावर डिझेल किंवा रॉकेल ओतू नये, त्यामुळे माती खराब होते. रासायनिक उपाय करायचा झाल्यास त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच कीटकनाशक वापरावे.

• आग्या मुंगी किंवा खोडमुंगीच्या दंशानंतर अंगभर गांधी उठणे, चेहरा सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास त्वरित दवाखान्यात न्यावे.

तज्ज्ञांची मदत कधी घ्यावी?

भारतात मुंग्यांच्या ८०० पेक्षा जास्त जातींची नोंद आहे. त्या सर्व भिंगाने ओळखणे शक्य नाही आणि शेतातील निर्णयासाठी त्याची गरजही नसते. बहुतेक वेळा प्रजातीपर्यंतची ओळख, घरट्याची जागा आणि सोबतची कीड एवढ्यावर निर्णय घेता येतो. मात्र पुढील परिस्थितीत नमुना पाठवावा.

• परिसरात पूर्वी न दिसलेली मुंगी अचानक मोठ्या संख्येने पसरत असल्यास.
• नुकसान दिसते आहे, पण वरीलपैकी कोणत्याही वर्णनाशी मुंगी जुळत नसल्यास.
• वसाहत जैविक नियंत्रणासाठी दुसऱ्या बागेत न्यायची असल्यास.

नमुना प्रथम जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्यावा. कोकणात दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. पुढील तपासणीसाठी बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आणि पुणे येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे प्रादेशिक केंद्र या संस्था आहेत. अल्कोहोलमधील नमुना पाठवण्यापूर्वी संबंधित संस्थेला फोन करून पाठवण्याची पद्धत विचारून घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील ओळख पटलेल्या मुंग्यांचे नमुने, स्थानिक नाव, पीक व तारखेसह केंद्रात जपून ठेवावेत. पुढच्या हंगामात शेतकरी बाटली घेऊन आल्यावर शेजारी ठेवून तुलना करता येते आणि फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी त्याच दिवशी उत्तर मिळू शकते.